नवमीचा वडा कोणी नेला

कावळ्याची वाट पाहणं पुरे, एक वडा गुपचूप खाऊन टाकावा, असं नरहरपंतांनी ठरवलं तेव्हा दुपार कलायला आली होती. सत्तावन्न सालची अविधवा नवमी. वादळी पावसानं नालवाडीला झोडपून काढलं होतं. आज ऊन पडलं, पण कावळ्याचा पत्ता नाही. मागच्या भिंतीवर पंतांच्या वारलेल्या बायकोचं, सुमतीबाईंच्या नावाचं पान तसंच. आणि कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हा पंतांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा हुकूम.

पंतांनी रीतीप्रमाणे हात जोडून कबुल्या दिल्या. "आपल्या शरयूला चांगल्या घरी देईन. अक्काला अंतर देणार नाही. तुझी तुळस वाळू देणार नाही." ('तपकीर सोडीन' हेही म्हणून झालं. त्यावर कावळ्यानं विश्वास ठेवला नाही, हे समजण्यासारखं होतं.)

शेवटी पानावरचा वडा उचलून त्यांनी तोंडाशी नेला, आणि अंगणावर सावली पडली.

काळाभोर पक्षी. पंख असे, की एक टोक विहिरीवर तर दुसरं गोठ्यावर. शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. पंख न हलवता तो आभाळातून निसटल्यासारखा खाली आला, चोच बोटांना ओझरती लागली, आणि वडा गेला. आवाज नाही, काही नाही. पंत हात तसाच धरून उभे. इतकं देखणं त्यांनी उभ्या जन्मात काही पाहिलं नव्हतं. भूकसुद्धा विसरले.

"अक्का! पान शिवलं! पण कावळा नव्हे!"

"घार असन, पंत," शेजारचे डोमाजी भिंतीपलीकडून म्हणाले. "भुकेनं तुमाले मोठी दिसली."

"घार चालत नाही," अक्का म्हणाल्या. "कोणी जेवायचं नाही."

मग समोरच्या केशव मास्तरांना त्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकासकट बोलावणं गेलं.

"चोच कशी होती?"

"टोकाशी आकड्यासारखी वळलेली."

"इतकं बारीक दिसलं?"

"माझी नजर चांगली आहे," पंत म्हणाले. (चष्मा ओटीवर होता.)

पानं उलटता उलटता मास्तर थांबले. चित्रात तोच. मास्तरांचा आवाज खाली आला. "पंत, हा समुद्रावरचा. सपाट जमिनीवर हा उतरत नाही. वादळानं शेकडो कोस आत, इथवर आणला."

डोमाजींनी आभाळाकडे पाहून हात जोडले. लग्न झाल्यापासून सुमतीबाईंनी एवढं एकच मागितलं होतं, एकदा समुद्र दाखवा. आणि सगळ्या कबुल्यांत पंतांना नेमकं तेच आठवलं नव्हतं.

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "शिवलं पान. चला, पाटपाणी घ्या."

मास्तर मात्र अजून वाचतच होते. "मौज आहे. जमिनीवरचं अन्न हा उचलत नाही. दुसऱ्याच्या तोंडाशी आलेला घास पळवतो. मग पानावरचा वडा..."

ते थांबले. सगळ्यांनी पंतांकडे पाहिलं.

"हाताले तेल काऊन लागलं, पंत?" डोमाजींनी विचारलं.

"सुमतीच ती," अक्का शांतपणे म्हणाल्या. "वैद्यांनी तळकट बंद केल्यापासून तुझ्या तोंडचा वडा ती अश्शीच काढून घ्यायची."

सगळ्यांच्या पानांत वडे पडले, पंतांच्या पानात वरणभात. पान घेऊन ते मागच्या अंगणात जाऊन बसले. प्रत्येक घास तोंडात घालण्याआधी जरा उंच धरत होते, आभाळाकडे बघत.

वरणभाताला मात्र कोणी आलं नाही.