रुमालाखालचा सौदा

सोपाननाना माणसाची पारख दातांवरून करतात. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जन्मभर दलाली केलेली. कुणी जावई बघायला नेलं, तरी आधी त्याला चार पावलं चालवून बघतील. नगरच्या ज्या डॉक्टरांनी त्यांना हार्ट अटॅकमधून वाचवलं, त्यांच्याबद्दलही मत ठरलेलं आहे. "जनावर गुणी हाय. मागच्या पायात जरा आखडतंय, एवढंच."

दुसरी सवय सौद्याची. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नसतो. रुमालाखाली एकमेकांचा हात धरून, बोटं दाबून आकडा सांगायचा. त्यांच्या घराशेजारच्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात नाना पायजम्याची शिलाईसुद्धा अशीच ठरवतात. मी हमखास हरतो.

अटॅकनंतर त्यांना नगरला व्यायामाच्या वर्गाला बोलावलं. वर्ग फुकट. नाना एकदा जाऊन आले आणि पुन्हा नाव घेईनात. कधी म्हणायचे, वर्ग नेमका बाजाराच्या दिवशी, अन् बाजार बुडाला की चूल थंड. कधी एसटीला नावं ठेवायची. वर म्हणायचे, तिथं फिरत्या पट्ट्यावर चालवतात अन् माणूस जागचा हलत नाही. घाण्याचा बैलसुद्धा गोल का होईना, फिरतो. बाजाराचं तर खरंच होतं. पण चढावर त्यांना दम लागायचा, आणि ते कुणाच्या तरी म्हशीचं कौतुक करत मध्येच थांबायचे. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

एका दुपारी मी चिडूनच विचारलं, तिथं झालं तरी काय? नाना माझ्या मशीनकडे बघत म्हणाले,

"समद्यांसंगं घरचं कुणीतरी हुतं. नर्सबाई म्हनली, तुमचं मानूस कुठंय? पुढच्या खेपंला घिऊन या."

नानी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. सवयीनं मी सावध झालो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून बसले.

"हा कुठला भाव, नाना?"

"भाव न्हाई. येशील का, एवढंच इचारतोय."

मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दुकानाला कुलूप लावून मी त्यांच्याबरोबर नगरला गेलो. बाजाराचं सांगितल्यावर नर्सबाईंनी वार बदलून दिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

"घरचं मानूस," नाना म्हणाले. "दात बघून घेतलंय."