पाचशे मुंग्या बेपत्ता

माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही. अलीकडे चष्मा सुटतो, पण तो शोधायला घरात बाकीची माणसं आहेत. गुन्हेगार माझ्या नावाने चळाचळा कापत असणार, याची मला खात्री आहे. अजून एकाचीही गाठ पडलेली नाही, एवढंच. पोटासाठी मी विमा कचेरीत टपाल वाटतो. हेरगिरी मात्र माझ्या रक्तात आहे. ‘मग एकदा रक्त तपासून घ्या,’ असं बायको म्हणते.

माझ्या धाकट्या बहिणीने सात वर्षं खपून कॉम्प्युटरची एक भाषा तयार केली. भाषेचं नाव मुंगी. जगात ती वापरणारे एकूण अकरा जण. त्यात तिने मलाही धरलंय, आणि मला ती येत नाही.

प्रोग्रॅमर मंडळींच्या मोठ्या संमेलनात तिला एक टेबल मिळालं आणि चार वाजता व्याख्यानासाठी खोली नंबर सहा. तीस डोकी जमली नाहीत तर पुढच्या वर्षी टेबल विसरा, असं संयोजक बाईंनी बजावलं होतं. बहिणीच्या पर्समध्ये एका बड्या कंपनीचं नोकरीचं पत्र होतं.

“दादा, आज तीस माणसं आली नाहीत तर उद्या सही करते. मुंगी बंद.”

तिचा आवाज असा काही झाला की मी चक्क टेबल पुसायला घेतलं.

जाहिरातीसाठी तिने मुंगीचं चित्र असलेले पाचशे स्टिकर छापून घेतले होते. हवे होते तळहाताएवढे, आले नखाएवढे. बहीणबाईंनी माप कळवलं पडद्यावरच्या ठिपक्यांत, आणि छापखान्याचे ठिपके निघाले फारच बारीक. “लॅपटॉपवर लावले तरी कुणाला दिसणार?” असं पुटपुटत तिने ते एका वाडग्यात ओतले, टेबल माझ्यावर सोपवलं आणि व्याख्यानाच्या तयारीला निघून गेली.

दोन वाजता पाहतो तर वाडगं रिकामं! अभिप्रायाच्या वहीत नाव एकच. तेही माझं.

वास्तविक मी सकाळपासून जागचा हललो नव्हतो. वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून, वाडग्याकडे पाठ करून, समोरच्या टेबलावर डोळा ठेवून बसलो होतो. तिथे एका लोकप्रिय भाषेचा दाढीवाला प्रचारक होता. ज्याचं चांगलं चाललंय त्याच्यावर आधी संशय घ्यावा, हा माझा पहिला नियम.

मी वेषांतर करून, म्हणजे चष्मा काढून, त्याच्याकडे गेलो. कचऱ्याची टोपली उपसली. चहाचे कप निघाले.

“काका, काही हरवलंय का?” त्याने विचारलं.

“ते तुम्हालाच ठाऊक!” मी म्हणालो. त्याने मला एक टी-शर्ट दिला. लाच! पुरावा म्हणून मी तो अंगात घातला.

दुसरा संशय खऱ्या मुंग्यांवर. स्टिकरचा डिंक गोड असतो. मी एक चाटून पाहिला असता, पण एकही उरला नव्हता. तिसरा संशय घरच्याच माणसावर.

“खरं सांग,” मी बहिणीला गाठलं. “लाज वाटली म्हणून तूच फेकलेस ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या टी-शर्टकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्च्या मांडायला लागली. मला फार वाईट वाटलं. हेरालाही बहीण असते.

पावणेचारला गेटवरचा वॉचमन टेबलापाशी आला.

“साहेब, ती मुंगी उरलीय का एखादी? पोरीच्या लॅपटॉपला लावायचीय.”

“तुम्हाला मुंगी कशी ठाऊक?” मी डोळे बारीक केले.

“अहो, गेटवर प्रत्येकाचा लॅपटॉप उघडून नंबर लिहितो मी. सकाळी कुणी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली, कुणी कागदाचा कपटा. आपल्याला कुणी बघू नये म्हणून. जेवून आले तर सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर मुंगी! माप अगदी बेतून काढल्यासारखं.”

“हे मी सकाळीच ओळखलं होतं,” मी म्हणालो.

“मग बोलवा की त्यांनाच,” वॉचमन म्हणाला.

संयोजक बाई जागेवर नव्हत्या, माईक होता. मी घसा खाकरून गरजलो, “ज्यांच्या कॅमेऱ्यावर मुंगी आहे, ते सगळे आमच्या नजरेत आहेत! अधिक माहिती खोली नंबर सहामध्ये, चार वाजता.”

कॅमेरा झाकणारी जात मुळात संशयी. पाच मिनिटांत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लॅपटॉप छातीशी धरून सगळे एकदम ओरडत होते, “आत काय बसवलंय?”

बहीण आधी पांढरीफटक पडली. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराआड सरकलो.

“स्टिकरमध्ये काहीही नाही, नुसता कागद आहे. माझे बंधू जरा... हेर आहेत,” ती म्हणाली. “पण आलाच आहात तर मुंगीच्या आत काय आहे ते दाखवते.”

आणि तिने पडद्यावर मुंगी उलगडली. दहा मिनिटांत ओरडा थांबला. वीस मिनिटांत प्रश्न सुरू झाले. दाढीवाला तर जमिनीवर मांडी ठोकून वहीत उतरवून घेत होता.

संध्याकाळी अभिप्रायाच्या वहीची पानं संपली. बहिणीने पर्समधून ते नोकरीचं पत्र काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर छापखान्याला चिठ्ठी लिहिली:

‘स्टिकर पाच हजार. माप तेच.’