टेशांचं तरंगतं घर

"हे तुम्हाला अजिबात खरं वाटणार नाही," ऑर्व्हिल टेश म्हणाला आणि घर बघायला आलेल्या जोडप्याच्या कपांत त्याने पुन्हा कॉफी ओतली. मिसिसिपीच्या त्या काठावर तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हणायचं असलं की कॉफी ओततात.

घर विकायचं होतं त्याच्या बायकोला, लव्होनला. तिच्या गुडघ्यांना जिना नकोसा झाला होता. टेकडीवर, चर्चच्या शेजारी, दोन खोल्याही तिने बघून ठेवल्या होत्या. ऑर्व्हिलला मात्र या स्वयंपाकघरातून हलायचं नव्हतं. ते बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून गिऱ्हाईक पळवून लावणं एवढंच त्याच्या हाती उरलं होतं.

"पूर येतो इथे. पार पायऱ्यांपर्यंत."

"नदीकाठी पूर येणारच की," जोडप्यातली केंड्रा म्हणाली. ती त्याच काठावर वाढलेली. ओतलेल्या कॉफीचा अर्थ तिला कळला होता, पण घर आवडलं होतं.

ऑर्व्हिलने गोष्टीतलं पाणी घरात घेतलं. "ओव्हनमध्ये कॅटफिश शिरला होता. हा एवढा!"

"घरबसल्या मासेमारी!" तिचा नवरा ब्रेट खुर्चीतून उठलाच. "गळ कुठून टाकायचा, काका? या खिडकीतून?"

डाव उलटतोय म्हटल्यावर ऑर्व्हिलने अख्खं घरच जमिनीवरून उचललं. "एकदा आम्ही जेवत होतो, तर खिडकीतून शेजाऱ्याचा गोठा मागे गेला. मग शाळा. मग चर्च. म्हटलं, गाव चाललंय कुठे? तर आम्हीच चाललेलो! शेवटी एका बोटीच्या कप्तानाने दोर टाकून घर परत ओढून आणलं. ठेवलं जरा तिरकं, बघा ना."

"तरंगतं घर! केंड्रा, हेच घ्यायचं!"

"आणखी सांग, ऑर्व्हिल," केक कापता कापता लव्होन म्हणाली. "गिऱ्हाईक पक्कं होतंय."

ऑर्व्हिलला घाम फुटला. त्याने दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या. "थट्टा वाटते? या बघा पाण्याच्या खुणा. दर पुराला एक रेघ!"

केंड्रा चौकटीशी गेली. प्रत्येक रेघेशेजारी लिहिलेलं वाचत खालून वर तिचं बोट रेघ न् रेघ सरकत गेलं.

"धादांत खोटं, काका! पूर काय दर वाढदिवसाला दोन-दोन बोटं वाढतो? आणि या पुराचं नाव डार्लीन कसं?"

लव्होन लेकीच्या उंचीच्या त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने सुरी खाली ठेवली, कॉफीचं भांडं उचललं आणि केंड्राचा भरलेला कप पुन्हा भरला.

केंड्राने पर्स घेतली. "चल, ब्रेट."