अक्काकडे जायची गाडी

२०१८ साल. धानाची कापणी उरकली होती आणि नागभीडच्या गुणवंतरावांची मोटार चार वर्षांनी पहिल्यांदा अंगणाबाहेर निघणार होती. मोटार जपानी बनावटीची, सत्त्याण्णव सालची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती चंद्रपूरच्या एका ठेकेदाराकडून आणली, म्हणजे ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. आल्याबरोबर बायकोला, कमळाबाईंना, म्हणाले, "आता अक्काकडे तुले येष्टीनं जा लागत नाई."

अक्का म्हणजे कमळाबाईंची थोरली बहीण गिरजाबाई. भामरागडच्या आश्रमशाळेत तीस वर्षं शिकवून तिथंच राहिलेली. आई गेली तेव्हा कमळा सहा वर्षांची होती. त्यानंतर लग्नाच्या दिवसापर्यंत तिची वेणी अक्कानंच घातली. पुढं आयुष्यभर दर हिवाळ्यात कमळाबाई एसटीनं दोन दिवस अक्काकडे जाऊन येत. मोटार आल्यापासून ते जाणं बंद पडलं. पावसाळ्यात भामरागडची वाट पुरानं तुटते, आणि हिवाळा आला की मोटारीचं एखादं काम उरलेलंच असे.

दुरुस्ती घरीच चाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा गफ्फार दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून नमाजानंतर येई. दोघं मिळून गाडी उघडत, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ती उघडीच राही. कार्बोरेटर पुरणाच्या पातेल्यात राकेल पीत पडे. कुकरचं रबर एकदा गाडीत गेलं ते परत आलं नाही. कमळाबाई विचारत, "यंदा जाणं होते का?" गुणवंतराव गाडीखालून म्हणत, "एकच काम राह्यलं." दरवर्षी ते काम वेगळं असे.

शेवटचं काम स्प्रिंगांचं निघालं. कमळाबाईंचा गुडघा दुखायचा, पाय उचलवत नसे. गुणवंतरावांनी मोबाइलवर पाहिलं होतं की जपानात हौशी लोक आपल्या गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवतात. बायकोच्या गुडघ्यावर हाच इलाज, असं त्यांनी ठरवलं. गफ्फारनं चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापले. कमळाबाई अलगद आत शिरल्या. बाहेर काढताना मात्र गफ्फारच्या बायकोला, शमीमला, दोन्ही हात लावून ओढावं लागलं.

"बाई, ये गाडी नाई, गड्डा हाय," शमीम हळूच म्हणाली. "तुमी येष्टीनं जा."

त्याच आठवड्यात अक्काचा मुलगा प्रवीण याचा फोन आला. आईला आता एकटं ठेवता येत नाही, बारा डिसेंबरला तिला कायमची पुण्याला नेतो, असं त्यानं सांगितलं. कमळाबाईंनी फोन अक्काला द्यायला लावला. अकरा तारखेला आम्ही मोटारीनं येतो, एक रात्र तुझ्यापाशी राहतो, असं त्या दोनदा बोलल्या. अक्का नुसतं "बरं" म्हणाली.

अकरा तारखेला सकाळी सहाला मोटार निघाली. कमळाबाईंच्या मांडीवर अक्कासाठी केलेल्या अनारशांचा डबा होता. गुणवंतराव इतके खुशीत होते की बंद दुकानांनाही हॉर्न देत होते. अकरा किलोमीटर गाडी छान गेली. मग रस्त्यावर धान आडवं आलं.

तिकडं कापणीनंतर डांबरी रस्त्यावर धानाच्या पेंढ्या पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली दाणे झडतात, बैल जुंपायचं काम वाचतं. ट्रक जातात, बस जातात, कोणाचं काही अडत नाही. पण त्यांतली कोणतीच गाडी जमिनीपासून चार बोटांवर बसवलेली नव्हती. गुणवंतरावांची मोटार पेंढ्यांवर चढली आणि पोटावर बसली. चाकं हवेत गरागरा फिरू लागली.

धानाचा मालक मुखरू आणि त्याचे दोन भाऊ धावत आले. शिव्या देत त्यांनी गाडी ढकलून पुढं काढली. मग मुखरूनं मागं वळून पाहिलं, खाली बसून चुरलेल्या पेंढ्यांतलं मूठभर तणस उचललं, झटकलं, आणि त्याचा आवाज बदलला.

"साहेब, एका घसटीत सारं झडलं. एकही दाणा राह्यला नाई. ट्रकाले चार चकरा लागते."

"स्प्रिंगा कापल्या ना," गुणवंतराव म्हणाले. "जपानी पद्धत हाय."

"मंग अजून एक चक्कर मारा ना, साहेब."

चार वर्षांत त्या गाडीला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. गुणवंतरावांनी कमळाबाईंना बाभळीखाली एका पोत्यावर बसवलं आणि गाडी उलटी फिरवली. एक चक्कर झाली, दोन झाल्या. पलीकडच्या शेतकऱ्यांनी आपल्याही पेंढ्या आणून टाकल्या. कुठं फसली की लोक ढकलत. कोणीतरी चहा आणला. गुणवंतराव खिडकीतून हात काढून पेंढ्या कशा पसरायच्या ते सांगू लागले.

"अहो, आठ वाजले," कमळाबाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं. लोकायचं काम अर्धं सोडून जाऊ का?"

साडेआठला त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा गाडी पार दुसऱ्या टोकाला होती. नऊला अहेरीकडे जाणारी लाल बस आली आणि पेंढ्यांपाशी हळू झाली. कमळाबाईंनी डबा काखेत धरला, हात केला आणि दुखरा गुडघा पायरीवर टेकवून वर चढल्या. बस त्याच धानावरून पुढं गेली. गुणवंतरावांनी तिला बाजूनं जायची खूण केली. आत कोण बसलं आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

अहेरीला बस बदलून भामरागडला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. अक्काच्या दाराला कुलूप होतं. शेजारी आश्रमशाळेचा जुना शिपाई चैतू राहायचा. तो कंदील घेऊन बाहेर आला.

"बाई तं सकाळीच गेल्या. प्रवीणची रजा कमी झाली."

"म्या येतो म्हणून सांगतलं होतं ना. त्यानं विचारलं नाई?"

"विचारलं ना. मावशीसाठी दुपारपर्यंत थांबू का म्हणे." चैतूनं कंदील पायरीवर ठेवला. "बाई म्हणाल्या, थे गाडी चार वर्सापासून तयारच होऊन राह्यली. चाल."

कमळाबाईंनी अनारसे चैतूच्या घरी दिले आणि सकाळच्या पहिल्या बसनं परत निघाल्या. चौथ्या दिवशी पुण्याहून अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर अक्का सहज म्हणाली, "नागभीडच्या अलीकडं रस्त्यावर एक मोटार आडवी होती वं. खाली कोणी झोपला होता, फक्त पाय दिसत होते. म्या प्रवीणले म्हटलं, हे तं आपल्या गुणवंतरावाचे पाय वाटते. तो म्हणे, उशीर होऊन राह्यला."

पाय गुणवंतरावांचेच होते. दुपारी चाकाच्या दांड्याला तणस गुंडाळलं गेलं होतं, ते काढायला ते आत शिरले होते. गडचिरोलीच्या आसपास कुठंतरी दोघी बहिणी एकमेकींच्या समोरून गेल्या असणार.

अक्का पुढच्या भाद्रपदात पुण्यात वारली, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. कमळाबाई दहाव्याला पोचल्या, एसटीनंच. तेव्हा गुणवंतरावांच्या गाडीचं एकच काम राहिलं होतं. प्रवीणनं भामरागडचं घर चैतूला राहायला दिलं. गफ्फारच्या मुलानं दुकान वाढवलं. शुक्रवारी गफ्फार आता घरीच झोपतो. 'येष्टीनं जा म्हटलं होतं ना' असं शमीमनं कधी ऐकवलं नाही, आणि कमळाबाई तिला त्यासाठीच मानतात.

गुणवंतरावांना मात्र नाव मिळालं. कापणी झाली की मुखरू त्यांना बोलवायला येतो आणि जपानी गाडी आठ दिवस रस्त्यावर धान चुरते. मोबदला म्हणून घरी नव्या तांदळाचं पोतं येतं. ही गाडीची कमाई आहे, असं ते पाहुण्यांना सांगतात. कमळाबाई तो तांदूळ निवडतात, मऊ भात करतात, वर तूप घालून त्यांना वाढतात. आपल्यापुरता जुना तांदूळ वेगळ्या भांड्यात शिजवतात.

कमळेला नवा तांदूळ पचत नाही, असं गुणवंतराव लोकांना सांगतात.