एकतीस इंचांचा साक्षीदार

सोमवारी केलेलं बटाटा-खिम्याचं भांडं लाइल ब्रेक्केने चौथ्यांदा ओव्हनमध्ये सारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकही शब्द बोललेलो नाही. म्हणून तो भांड्याला म्हणाला, "चल, तू गरम हो." मग स्वतःचाच आवाज ऐकून त्याला कसंतरी झालं. खाणं उरकून त्याने छातीपर्यंत येणारी रबरी विजार मोटारीत टाकली, गळाची काठी घेतली आणि तो हार्पर तलावाची वाट धरून निघाला.

एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. तेव्हा घरी आल्यावर शांतता म्हणजे त्याला मेजवानी वाटायची. आता निवृत्तीला सहा वर्षं आणि बायको वर्नाला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या मेजवानीचं अजीर्ण व्हायची वेळ आली होती. वर्ना होती तोवर तो रात्री कितीही वाजता मासा घेऊन आला तरी ती गाऊनवर कोट चढवून गॅरेजमध्ये यायची, डोळे अर्धवट उघडायची आणि म्हणायची, "अगं बाई, केवढा!" वीतभर माशालाही ती हेच म्हणायची. पण म्हणायची.

गावातल्या कॅफेतल्या मंडळींचं तसं नव्हतं. गेल्या वर्षी लाइलने एकोणतीस इंची वॉलाय मासा धरल्याचं सांगितलं, तर सगळ्यांनी एका सुरात विचारलं होतं, "फोटो?" फोटो नव्हता. तेव्हापासून तो आत शिरला की कुणीतरी दोन्ही हात फाकवून स्वागत करायचं, आणि हातांमधलं अंतर दर आठवड्याला वाढायचं.

ऑक्टोबर सरत आला होता. अंधार पडला की वॉलाय खोल पाणी सोडून काठाच्या दगडांपाशी चरायला येतात. लाइल कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लाकडी नकली मासा लांब फेकत होता, सावकाश ओढत होता, पुन्हा फेकत होता. बोटं बधिर झाली होती. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरू लागलं होतं. सगळ्या तलावावर समोरच्या टोकाला, पाव मैलावर, एकच दिवा मिणमिणत होता. तिथेही कुणीतरी गळ टाकून उभं असावं. लाइलला त्या दिव्याची उगाचच सोबत वाटत होती.

साडेनऊच्या सुमाराला दोरा जड झाला. आधी त्याला दगडच वाटला. मग दगडाने मान हलवली.

दहा मिनिटांनी मासा हातजाळ्यात आला. लाइलने कपाळावरची बॅटरी त्याच्यावर धरली, तर पाण्यातून दोन डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चमकले. काठीवर इंचांच्या खुणा होत्या. त्याने दोनदा मोजलं. एकतीस.

"अबब!" लाइल म्हणाला, आणि त्याने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. झाडं होती.

आता पंचाईत अशी, की या तलावात सव्वीस इंचांवरचा मासा घरी न्यायला बंदी होती. धरला की लगेच सोडायचा. पण लगेच म्हणजे किती लगेच, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. लाइलने जाळं पाण्यातच ठेवून डाव्या हाताने दांडा घट्ट धरला, दातांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि खिशातून फोन काढला. फोनमध्ये त्याला प्रथम स्वतःची हनुवटी दिसली. मग नुसता अंधार. मग पुन्हा हनुवटी. फोन उलटा करायला म्हणून त्याने ओली बोटं जरा सैल केली आणि फोन सुळ्‌कन पाण्यात गेला. तळाच्या दगडांत पडूनही त्याचा दिवा काही क्षण पेटलेला होता. मग तोही विझला.

जाळ्यात आयुष्यातला सर्वांत मोठा मासा होता आणि जगात तो पाहायला कुणी नव्हतं. लाइलने समोरच्या दिव्याकडे पाहिलं आणि छाती भरून हाक मारली.

"अहो! तिकडचे! इकडे या हो!"

थंड रात्री पाण्यावरून आवाज छान जातो. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "काय झालं?"

"एकट्याने जमत नाहीये! फार वेळ धरवणार नाही!"

"पाण्यात आहात का?"

"हो! कमरेपर्यंत!"

"अगं आई गं! धरून ठेवा! सोडू नका!"

"तेच तर करतोय!" लाइलला धन्य वाटलं. कुणीतरी समजून घेणारं भेटलं होतं.

"बरोबर कुणीच नाही का?"

"कुणी नाही! तेच तर दुःख आहे!"

मग बाईचा आवाज एकदम मऊ झाला. "असं मनात आणू नका हो! मी आहे ना! बोलत राहा माझ्याशी! नाव काय तुमचं?"

"लाइल! तुम्ही या लवकर! हा धडपडतोय!"

"कोण धडपडतोय?"

"मासा" हा शब्द लाइलने चांगला ठणकावून उच्चारला, पण नेमकी तेव्हाच झाडांत वाऱ्याची झुळूक शिरली. पलीकडचा दिवा हलला, धावू लागला आणि झाडीत नाहीसा झाला. थोड्या वेळाने दूर गावाकडून भोंगा ऐकू आला. अरेरे, लाइलच्या मनात आलं, कुणाचं तरी काहीतरी झालेलं दिसतंय.

भोंगा तलावाच्या रस्त्याला लागला. त्यामागून दुसरा आला. मग काठावरची झाडं लालनिळी झाली आणि अग्निशामक दलाचे स्वयंसेवक रबरी होडी डोक्यावर घेऊन उतारावरून धावत आले. सगळ्यांच्या पुढे शेरीफचा शिपाई कोडी लुंडीन होता. त्याने बूटही न काढता पाण्यात उडी घेतली.

"मिस्टर ब्रेक्के, हलू नका! आलोच मी!"

"अरे कोडी, हळू! जाळं! जाळं बघ!" लाइल ओरडला. पण कोडीने मागून त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला उचललंच. जाळं कलंडलं. काळ्या पाण्यात एक मोठा भोवरा उठला आणि मिटला.

तो मिटल्यानंतर अर्ध्या मिनिटात चौदा माणसं चौदा बॅटऱ्या घेऊन लाइलभोवती जमली. त्यातली नऊ जणं त्याच्याच बसमधून शाळेत गेलेली होती. कोडी तर कायम शेवटच्या बाकावर बसून च्युइंगम खिडकीला चिकटवायचा.

"मासा होता," लाइल म्हणाला.

"हो, होता ना," कोडी म्हणाला आणि त्याने लाइलच्या खांद्यांवर चंदेरी ब्लँकेट टाकलं.

"एकतीस इंच!"

"बरं, बरं. बसा तुम्ही आधी."

रुग्णवाहिकेतून आलेली नर्स त्याच्यासमोर उकिडवी बसली. "घरी कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"जेवता ना वेळेवर? आज वार कोणता, सांगाल?"

लाइलने जरा विचार केला. "सोमवारचा खिमा आज चौथ्यांदा खाल्ला. म्हणजे गुरुवार."

वार बरोबर होता. तरीही नर्सने कागदावर बरंच काही लिहिलं.

"मिस्टर ब्रेक्के," कोडी बाजूला बसत हळूच म्हणाला, "कधी एकटं वाटलं तर नुसता फोन करा. मी येईन. त्यासाठी माशाचं निमित्त कशाला?"

"अरे गाढवा, मासा होता! तूच घालवलास!"

"हो, हो," कोडी म्हणाला. एके काळी लाइल बसमधल्या रडणाऱ्या मुलांशी अगदी याच आवाजात बोलायचा. लाइलने मान खाली घातली. चौदा साक्षीदार मिळाले होते, आणि तेही अर्धं मिनिट उशिरा.

तेवढ्यात वर रस्त्यावर एक जुनी मोटार थांबली. डोक्यावर शिकाऱ्यांची नारिंगी टोपी घातलेली, सत्तरीची एक ठेंगणी बाई काठी टेकत खाली आली. ती काठीही गळाचीच होती. "फोन मी केला," ती धापा टाकत म्हणाली. "मी आर्डिस स्वेनबी. यांना बाहेर काढलंत ना? हुश्श! पण धडपडत कोण होतं?"

"मासा," लाइल जमिनीकडे पाहत म्हणाला. "गेला."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. त्या चंदेरी कागदात तो उरलेल्या सँडविचसारखा गुंडाळलेला दिसत होता. मग तिने कोडीने नोंदीसाठी काढलेल्या वहीकडे पाहिलं.

"गेला होय? एवढा मासा गेला?" ती मोठ्याने म्हणाली. "काय जनावर होतं!"

कोडी चमकला. "तुम्ही पाहिलात?"

"पाहिला म्हणजे? स्वच्छ."

"पाव मैलावरून?"

"डोळे चमकतात वॉलायचे. कुठे नोकरी करता तुम्ही? एवढंही माहीत नाही? बत्तीस इंच होता."

"एकतीस," लाइल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही जवळ होता. अंदाज लांबूनच बरोबर येतो."

कोडीने वहीत लिहिलं: मासा, बत्तीस इंच. चौदा जणांत कुजबुज झाली. एकाने टोपी मागे सारून शीळ घातली. दुसऱ्याने "कुठला लाकडी मासा लावला होता?" असं विचारलं. कोडी लाइलच्या नजरेला नजर देईना. ओल्या बुटांनी पचपच करत तो होडी उचलायला गेला आणि जाता जाता म्हणाला, "सॉरी, मिस्टर ब्रेक्के. मासा मी घालवला."

सगळे गेल्यावर काठावर दोघंच उरली. आर्डिसने थर्मासमधून कॉफी ओतली.

"खरं सांगा," लाइल म्हणाला. "दिसला होता?"

"काय दिसणार, कप्पाळ! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या."

आर्डिस पाण्याकडे वळली. मग म्हणाली, "चौऱ्याण्णव साली मी एक धरला होता. इथेच, या दगडांपाशी. हातात येऊन सुटला. तेहतीस इंच होता. आमचे हे म्हणाले, ओंडका असेल. मरेपर्यंत ओंडकाच म्हणत होते." तिने टोपी कानांवर ओढली. "बसवाले लाइल तुम्हीच! तुमची शाळेची बस तेव्हा याच रस्त्याने जायची ना?"

"जायची."

"मी रात्री धरला होता. दहा वाजून गेले होते."

रात्री दहाला शाळेची बस रस्त्यावर कुठून असणार, हे लाइलइतकं कुणाला ठाऊक होतं! त्याने कॉफीचा घोट घेतला.

"आठवतंय," तो म्हणाला. "मी बस थांबवून मुलांना दाखवला होता. चांगला चौतीस इंच होता."

"तेहतीस," आर्डिस म्हणाली, आणि तिने त्याचा कप पुन्हा भरला.