मालोजीचा खानदानी मसाला

चौक गावच्या सडकेवर मालोजीचं गॅरेज चालत होतं ते एका काळ्याकुट्ट डब्यावर. घाट चढायला निघालेली लॉरी थांबली, की मालोजी तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांना डब्यातला लेप फासायचा आणि डोळा बारीक करून म्हणायचा, "खानदानी मसाला हाय. बापानं मरताना कानात सांगितला. गंजाची टाप नाय जवळ यायची!" बाप मेला तेव्हा मालोजी पळसदरीला कोंबडे झुंजवत होता, ही गोष्ट वेगळी.

दुसरं महायुद्ध संपलं आणि मुंबईच्या एका कंपनीची नोटीस आली. लोखंडाला गंज न लागू देणारा असला लेप म्हणे त्यांचा शोध, पेटंटही त्यांचं. आमचा माणूस पाहणीला येतोय, डबा बंद करा, नाहीतर कोर्टात या.

मालोजी धावत कर्जतच्या वकिलाकडे गेला.

"घाबरतोस काय?" वकील म्हणाले. "जे कुणालाही सहज सुचेल, त्याचं पेटंट टिकत नाही. हे घरोघर ठाऊक आहे, एवढं चारचौघांत दाखवून दे."

"हात्तिच्या! सगळं चौक उभं करतो."

कंपनीचे साहेब मोटारीतून उतरले तेव्हा तमाशा बघायला पाच लॉऱ्याही थांबल्या होत्या. मालोजीनं आधी शेजारच्या कोंडाजीला पुढं ढकललं.

"कोंडाजी, कोयत्याला तेल लावता ना रं तुमी?"

कोंडाजीनं साहेबाची टोपी बघितली. हा लपवलेलं तेल शोधणारा रेशनिंगवाला, अशी त्याची खात्रीच पटली. "तेल? थेंब नाय सायेब घरात! कोयता बी नाय!"

साहेब हसले. तेवढ्यात मालोजीची बायको बायजा पदर खोचून पुढं आली.

"बाई, हे शोधायला आमच्या शास्त्रज्ञाला तीन वर्षं लागली," साहेब म्हणाले.

"तीन वर्सं? चूल नव्हती का त्याच्या घरात?"

मोटार सुरू करायचं गंजलेलं हँडल साहेबाच्या हातात होतं, ते तिनं काढून घेतलं. "करंजाचं तेल तापवा, मेण सोडा, चुलीवरची काजळी कालवा. झालं! माज्या माहेरी कोंडाण्यात पावसाआधी पोरी बी कोयते असेच माखून धुरावर टांगतात. हे काय कुनी शिकवाया लागतं?"

बोलता बोलता तिनं मालोजीच्या डब्यातल्या लेपानं हँडल माखून साहेबाच्या हातात दिलंसुद्धा. साहेबांनी काळे झालेले हात बघितले, नोटीस घडी करून खिशात घातली. "मागे घेतो."

मालोजीनं गावभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी आली. मालोजी डबा घेऊन सडकेवर उभा राहिला. लॉरी थांबलीच नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून स्वतःचा डबा दाखवला.

"मालोजीशेट, घरीच केला! काजळी जरा जास्त घालू का?"

"मेण वाढव रं," मालोजी सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मागून दुसरी गेली, तिसरी गेली. दुपारी मालोजी पुन्हा कर्जतला हजर.

"वकीलसायेब, एक काम करा. ते पेटंट कंपनीला परत देता येतं का बघा. आनि बायजाला काय बी ठावं नाय, असं लिवून घ्या!"