नमुन्यादाखल सांगली

माणसाच्या हातात कोरा फॉर्म देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय करणं, असं पंढरीनाथ साळुंखे यांचं ठाम मत होतं. विमा कंपनीत अख्खी हयात घालवल्यावर माणसाची काही मतं दगडासारखी होतात, त्यातलंच हे एक. कोरा फॉर्म समोर आला की चांगला शिकलेला माणूसही जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख लिहितो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे बदली होऊन जिथे जातील तिथे काउंटरच्या काचेखाली ते एक भरलेला फॉर्म नमुन्यादाखल ठेवायचे. बघा आणि तसं भरा. जयपूरच्या विभागीय कार्यालयातही तो होता, आणि लोक त्यांना दुवा देत होते.

२००७ साली मुख्य कचेरीला आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. ही काळजी कागदावर नव्हे, तर संगणकावर वाहायची होती. प्रत्येक विभागाने आपापल्या हवामानाला साजेसे प्रश्न तयार करावेत, ते संगणकावर चढवावेत, कर्मचाऱ्यांनी आपापल्या टेबलावरूनच उत्तरं द्यावीत आणि सगळी माहिती थेट मुंबईला जावी, असा हुकूम आला. ऑफिसात प्रत्येक टेबलावर संगणक आलेला होताच. त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही करता येतं, हे बऱ्याच जणांना या हुकुमामुळे कळलं.

विभागाचे मुख्य अधिकारी भंडारी यांनी हे काम पंढरीनाथांच्या गळ्यात घातलं. "सालुंखेजी, सर्वे ठीक से हो गया तो आपकी सांगली की अर्ज़ी मैं खुद लगाऊँगा," ते म्हणाले.

हे ऐकल्यावर पंढरीनाथांनी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. सांगलीच्या शाखेत दिवाळीनंतर एक जागा रिकामी होणार होती. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, तेव्हा ही संधी गेली की गेलीच. नऊ वर्षांत जयपूरने त्यांचं काही वाईट केलं नव्हतं. पण संध्याकाळी विद्याधर नगरच्या घरात गॅलरीत बसलं की त्यांना कृष्णेचा घाट दिसायचा आणि समोर मात्र शेजाऱ्यांचा कूलर असायचा. शिवाय बदल्या आणि कर्मचाऱ्यांचं आरोग्य ही दोन्ही खाती मुंबईत एकाच साहेबांकडे होती.

"म्हणजे परश्न नीट काढा," त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि लोकांस्नी घाबरवू नका."

"घाबरवतोय कशाला? नमुना देणार की."

संगणक विभागातला रणजीतसिंह शेखावत हा तरुण त्यांच्या मदतीला होता. पंढरीनाथांनी प्रश्न काढले. नाव, वय, हुद्दा हे ऑफिसच्या यादीतून आपोआप येणार होतं. पुढे खोकला आहे का, गुडघे दुखतात का, झोप लागते का, उपचार कोणता चालू आहे, आणि शेवटी 'प्रकृती सुधारण्यासाठी आपली सूचना' असा मोकळा रकाना. रणजीतने सगळं संगणकावर बसवलं आणि रकाने कोरे पाहून पंढरीनाथ अस्वस्थ झाले.

"यात आधीच काहीतरी भरून ठेवता येईल का रे? नमुना म्हणून. लोक बघतील आणि आपलं बदलून लिहितील."

"हो जाएगा सर. पर सब बदलेंगे?"

"अरे, वर लिहू ना, कृपया आपली माहिती भरा."

आता नमुन्यात काय भरायचं? विम्याच्या फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून त्यांनी स्वतःचीच माहिती भरली. खोकला: आहे, धुळीमुळे. गुडघे: दुखतात. झोप: तुटक. उपचार: पत्नीने दिलेला काढा. शेवटच्या रकान्यापाशी ते थोडे थांबले. मग खरं तेच लिहायचं ठरवून त्यांनी लिहिलं, 'सांगलीला बदली झाल्यास सर्व ठीक होईल.'

आता यात त्यांची चूक एवढीच, की समोरची माणसंही विमा कंपनीतलीच आहेत, हे ते विसरले. विम्याच्या धंद्यात फॉर्म एजंट भरतो आणि गिऱ्हाईक फुलीच्या खुणेवर सही करतं. भरलेला फॉर्म वाचत बसणं हे समोरच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं असतं. साळुंखेजींनी सगळं भरूनच दिलंय, केवढा भला माणूस, असं म्हणत सगळ्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले. भंडारीसाहेबांनीही दाबलं. दुपारपर्यंत एकूण एक उत्तर मुंबईला पोहोचलं. इतर विभागांत निम्मीही उत्तरं आली नव्हती. भंडारींनी पेढे मागवले.

आठवड्याने मुंबईहून फोन आला. फोन ठेवल्यावर भंडारींनी पेढ्यांचा विषय पुन्हा काढला नाही. जयपूर कार्यालयातला प्रत्येक माणूस खोकत होता. प्रत्येकाचे गुडघे दुखत होते, त्यात कालपरवा लागलेली पोरंही आली. कोणालाही धड झोप नव्हती. लता माथुर यांच्यासह सर्व महिला कर्मचाऱ्यांना त्यांच्या पत्नी काढा देत होत्या. आणि राजस्थानात जन्मलेल्या, वाढलेल्या या सर्व माणसांना बरं वाटण्यासाठी सांगलीला जायचं होतं.

साथ आहे, पाणी दूषित आहे की संघटनेचं आंदोलन आहे, हे ठरवण्यासाठी मुख्य कचेरीतून आनंदराव वानखडे नावाचे अधिकारी येत असल्याचं कळलं, तेव्हा पंढरीनाथांनी डबा न उघडताच बाजूला सारला.

"मी सांगून टाकतो. चूक माझी आहे," ते रणजीतला म्हणाले.

"फिर सांगली?"

"आता कसली सांगली. निष्काळजीपणाचा शेरा बसला की अर्ज केराच्या टोपलीत."

जेवणाच्या सुट्टीत रणजीतने सगळ्यांना एकत्र केलं. बजरंगलाल मीणा चाकसूहून रोज बसने यायचे. त्यांच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी पंढरीनाथ दवाखान्यात बाकावर बसून राहिले होते. लताजींच्या मुलाला सुट्टीत गणित शिकवलं होतं ते पंढरीनाथांनीच. शिवाय न वाचता बटण दाबल्याचा दोष होता तो सगळ्यांचाच, भंडारीसाहेबांसकट.

"सालुंखेजी, आप चुप रहिए," बजरंगलाल म्हणाले. "हम सँभाल लेंगे."

"अहो पण खोटं कसं..."

"झूठ कहाँ? सांगली अच्छी जगह है कि नहीं?"

यावर सांगलीच्या माणसाने नाही कसं म्हणायचं?

वानखडेसाहेब आले. मूळचे अकोल्याचे, पण मुंबईत लोकलच्या वेळापत्रकावर वीस वर्षं जगल्यामुळे चेहऱ्यावर कायमची घाई. त्यांनी भंडारींच्या खोलीत बैठक मांडली आणि सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून पंढरीनाथांना शेजारी बसवलं. टिपणं घेण्याचं कामही पंढरीनाथांकडेच आलं.

बजरंगलाल आधी आले. आत येता येता ते खोकले. तो खोकला जरा जास्तच झाला.

"आप सांगली क्यों जाना चाहते हैं?"

"साहब, वहाँ नदी है."

"नदी तो बहुत जगह होती है."

"उसमें पानी है साहब. बारह महीने. घाट पर बैठो तो शाम को ठंडी हवा आती है, मंदिर की घंटी सुनाई देती है. आदमी अपने आप सो जाता है."

पंढरीनाथ मान खाली घालून लिहीत होते, ते थांबले. हे सगळं त्यांनी बजरंगलालना दवाखान्यातल्या बाकावर, वेळ जावा म्हणून सांगितलं होतं.

मग रणजीत आला. त्याने भडंगाची कृती सांगितली, लसूण किती आणि तिखट कधी घालायचं इथपर्यंत. त्याच्यानंतर आलेल्या हिशेबनीस मंडळींनी द्राक्षांचे मळे आणि हळदीच्या बाजारातला वास यांचं असं वर्णन केलं, की वानखडेसाहेबांनी नकळत एक दीर्घ श्वास घेतला. सीतापुऱ्यात राहणारे एक जण म्हणाले, तिथे लोक रस्त्यात थांबून तुमची विचारपूस करतात आणि कोणाला घाई नसते. घाई नसते, हे वानखडेंनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

शेवटी लताजी आल्या. वानखडेंनी कागद चाळला आणि चष्मा काढला.

"मॅडम, इसमें लिखा है, पत्नी काढ़ा देती है."

"जी, देती हैं."

"किसकी पत्नी?"

"सालुंखेजी की. सर्दियों में पूरे ऑफ़िस के लिए थर्मस भेजती हैं. सच पूछिए तो यहाँ सबका इलाज वही है."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. वानखडे पंढरीनाथांकडे बघू लागले. पंढरीनाथांनी पेन खाली ठेवलं. नऊ वर्षं आपण एकटेच बडबडतोय आणि हे लोक पत्ते खेळतायत, असं त्यांना वाटत आलं होतं. यांनी शब्द न् शब्द जपून ठेवला होता, हे आज कळलं.

संध्याकाळी रीतीप्रमाणे त्यांनी वानखडेंना घरी जेवायला नेलं. इंदुमतीबाईंनी भरली वांगी आणि भाकरी केली होती.

"मी मिरज जंक्शनवरून कितीदा गेलो असेल," वानखडे भाकरी मोडत म्हणाले, "पण सांगली काही पाहिली नाही ना. दरवेळी झोपेतच."

एवढं निमित्त पुरे झालं. पंढरीनाथ जे सुरू झाले ते बडीशेप येईपर्यंत. इंदुमतीबाई मधूनमधून दुरुस्त्या करत होत्या. वानखडेंनी तिसरी भाकरी घेतली आणि तिथे घरभाडं साधारण काय पडतं, तेही विचारलं. किती आपुलकीचा माणूस, असं दोघांनाही वाटलं.

"काम झालं म्हणायचं," पाहुणा गेल्यावर इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका झटकायला घेतल्या.

दिवाळी झाली आणि मुंबईहून पाकीट आलं. भंडारींनी ते सगळ्यांसमोर फोडलं. जयपूरचं पाणी तपासून उत्तम आढळलं होतं, तरी कार्यालयाला एक शुद्धीकरण यंत्र मंजूर झालं होतं. शंभर टक्के प्रतिसादाबद्दल अभिनंदन होतं. सांगलीबाबत मात्र असं होतं, की जागा एक आणि इच्छुक अख्खं कार्यालय. त्यांतल्या एकाला पाठवल्यास इतरांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम संभवतो. सबब जयपूरहून कोणालाही न पाठवता त्या जागी श्री. आनंदराव वानखडे यांची, त्यांच्याच विनंतीवरून, नेमणूक करण्यात येत आहे.

बजरंगलाल जमिनीकडे बघत होते. "हमने ज़्यादा अच्छा बोल दिया," लताजी हळूच म्हणाल्या.

पंढरीनाथ त्या दिवशी स्कूटर हळू चालवत घरी आले. ट्रंका गॅलरीत उन्हात उघड्या पडल्या होत्या. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, नमुन्यापासून पाकिटापर्यंत. इंदुमतीबाई ट्रंकेच्या कडेवर बसून ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, हे त्यांनी लपवलं नाही.

"सगळ्यांनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. तू भडंग कसं करतेस, तेसुद्धा."

"आणि वानखडे?"

"गेला असंल एव्हाना. घाटावर बसला असंल."

इंदुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले. मग उठून त्यांनी ट्रंकांची झाकणं एकेक करून लावली.

"तिकडं तरी आता आपल्या ओळखीचं कोण राह्यलंय? थोरली माणसं गेली, पोरं पुण्याला गेली," त्या म्हणाल्या. "सांगलीचं इतकं कौतुक करणारी माणसं सांगलीतबी मिळायची न्हाईत. रविवारी बोलवा सगळ्यांस्नी जेवायला."

रविवारी विद्याधर नगरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. लताजी पुरणपोळ्या लाटायला शिकत होत्या, भंडारीसाहेब ओट्याला टेकून कटाची आमटी वाटीने पीत होते. बजरंगलाल मात्र ताटावर अवघडून बसले होते. इंदुमतीबाईंनी त्यांच्या पोळीवर तूप सोडलं, तेव्हा त्यांना राहवेना.

"भाभीजी, आप फ़िकर मत करो," ते म्हणाले. "वानखडे साहब भी दो साल में रिटायर होंगे. अब के कोई पूछने आया, तो हम सब मिलकर सांगली की ऐसी बुराई करेंगे, कि कोई उधर देखेगा भी नहीं."

इंदुमतीबाईंचा तुपाचा चमचा वरच्या वर थांबला.

"करून तर बघा," त्या म्हणाल्या. "काढा बंद करीन."